‘आमच्याकडं हा शब्द प्रेमाचा आहे’

पत्र थोडक्यात : पत्रलेखक मूळचे कोल्हापूरचे, वय चौतीस. नऊ वर्षं पुण्यात नोकरी करतात. पहिली दोन वर्षं ऑफिसात त्यांच्या बोलण्याला ‘गावठी’ म्हणून हसलं जायचं. आता ते चौदा जणांची टीम सांभाळतात. महिन्यापूर्वी टीममधल्या चोवीस वर्षांच्या, विदर्भातून आलेल्या मुलानं दोन रात्री जागून एक अडलेलं काम पूर्ण केलं. शुक्रवारच्या व्हिडिओ कॉलवर त्याचं कौतुक करताना पत्रलेखकांच्या तोंडून गेलं, ‘रांडच्या, लई भारी काम केलंस की!’ दोघंतिघं हसले. मुलगा काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो कामापुरतंच बोलू लागला आणि गेल्या आठवड्यात त्यानं एचआरकडे लेखी तक्रार दिली. नंतर एका सहकाऱ्याकडून कळलं, की तो आठ वर्षांचा असताना त्याचे वडील वारले आणि आईनं एकटीनं त्याला वाढवलं. पत्रलेखक लिहितात : ‘ताई, आमच्याकडं हा शब्द प्रेमाचा आहे. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, मी तर कौतुक करत होतो. त्याच्या घरचं मला माहीत नव्हतं. तो स्वतः सगळ्यांना “काय बे” म्हणतो, ते आम्ही चालवून घेतोच. सोमवारपर्यंत लेखी म्हणणं द्यायचंय. माफी मागितली तर शिवी दिली असं कबूल केल्यासारखं होईल. लोक इतके हळवे झालेत, मग आम्ही आमची भाषाच बोलायची नाही का? आणि हा खरंच गुन्हा होतो का?’

नमस्कार,

तुमच्या मनात वाईट नव्हतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर पाच वर्षांनी गावी आलेल्या दोस्ताला ‘आलास व्हय रे रांडच्या, किती दिसानं!’ असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते ऐकून दोस्ताचा गळा दाटून आलेलाही पाहिला आहे. त्याच माणसानं त्याच दोस्ताला ‘या, बसा, कसे आहात?’ असं विचारलं असतं तर दोस्त मनातून चरकला असता, की आपलं काय चुकलं? तिथं ‘या, बसा’ हाच अपमान. तेव्हा हा शब्द प्रेमाचा असतो, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. ते अपुरं आहे, इतकंच मला म्हणायचंय.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले. पहिली दोन वर्षं लोक तुमच्या बोलण्याला ‘गावठी’ म्हणत हसायचे, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. बाजारात गावठी अंडी, गावठी तूप, गावठी कोंबडी म्हटलं की लोक चार पैसे जास्त मोजतात. तोच शब्द माणसाच्या जिभेला लावला की माणूस मीटिंगमध्ये गप्प बसायला शिकतो. त्या हसणाऱ्यांना तेव्हा कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, ‘अरे, गंमत केली, मनात काही नव्हतं.’ आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात खरंच काही नसेल. ते उत्तर तुम्हाला पुरलं असतं का? माझ्या मते आज त्या मुलाच्या जागी काय वाटत असेल, हे समजायला तुम्हाला दुसऱ्या कुणाची गरज नाही. ती दोन वर्षं आठवली तरी पुष्कळ झालं.

आता ‘आमच्याकडं सगळेच म्हणतात’ हे जरा बारकाईनं बघू. वडिलांना म्हणता का? मामांना? बहिणीच्या नवऱ्याला, त्याच्या पहिल्या दिवाळसणाला? तुमच्या साहेबांनी मोठं काम मिळवलं तेव्हा त्यांना कॉलवर ‘रांडच्या, जिंकलास’ म्हणालात? नाही म्हणालात. कारण हा शब्द कुठं जातो आणि कुठं जात नाही, हे तुम्हाला लहानपणापासून कुणी न शिकवता माहीत आहे. तो बरोबरीच्या दोस्तांत फिरतो आणि थोरल्याकडून धाकट्याकडे उतरतो. खालून वर जाताना मात्र तो तोंडातच विरघळतो.

त्या मुलानं त्याच कॉलवर हसत हसत तुम्हाला तोच शब्द परत दिला असता तर? तुम्ही कदाचित हसला असता. पण त्याआधी क्षणभर सगळे चूप झाले असते, आणि ती शांतता त्याला आधीच माहीत होती. म्हणून तो बोलला नाही. शिवीचा अर्थ काय, हे ठरवताना मी नेहमी हेच बघते, की ती परत देता येते का.

सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. एरवी ज्या शिवीनं डोकी फुटतील, ती तिथं मोकळ्या गळ्यानं दिली जाते आणि तितक्याच मोकळ्या गळ्यानं परत येते. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, दोन्ही काठांवर माणसं सारखीच. बार संपला की बायका आपापल्या घरी, आणि पुढचं वर्षभर शेजार चालूच. आता कल्पना करा, की एकाच काठावर बायका आहेत आणि समोर एकटी बाई उभी आहे, तोंड बंद ठेवून. शब्द तेच राहिले तरी त्याला कुणी बार म्हणेल का?

वर जाणारी शिवीही आपल्या भाषेत आहे, आणि ती फार थोर आहे. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई प्रत्यक्ष पंढरीच्या देवाला ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हणते आणि पुढे ‘तुझी रांड रंडकी झाली’ इथपर्यंत जाते. शेवटी स्वतःच सांगते, की अंगणात उभी राहून दासी जनी शिव्या देते आहे. सातशे वर्षं वारकरी ते भक्तिभावानं म्हणत आलेत. जनीला ते शोभतं, कारण तिच्याकडे काहीच सत्ता नव्हती आणि देवावर हक्क मात्र पुरता होता. तुमच्याकडे त्या मुलाची पगारवाढ आहे, रजा आहे, पुढच्या कामाची वाटणी आहे. तुमचा हक्क आणि जनीचा हक्क एका तराजूत बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. कट्ट्यावर हा शब्द एकटा जात नाही. त्याच्याबरोबर खांद्यावर पडलेला हात असतो, लांबवलेला ‘रे’ असतो, डोळ्यांतलं हसू असतं, पुढं सरकवलेला दुधाचा ग्लास असतो. ऐकणारा हे सगळं एकत्र ऐकतो. तुमच्या कॉलवर यातलं काय पोचलं? आवाज इयरफोनमधून कानात गेला, आणि चेहरा असलाच तर स्क्रीनवर आगपेटीएवढा. कोल्हापुरी कानाला ‘लई भारी’ हे वाक्य आणि आधीचा शब्द त्याचा नुसता ठेका. विदर्भातल्या कानानं पहिला शब्द ऐकला आणि तो तिथंच अडकला. पुढचं कौतुक त्याच्यापर्यंत गेलंच नसावं. दोन रात्री जागल्याच्या कौतुकाचं असं व्हावं, याचं मला तुमच्या दोघांसाठी वाईट वाटतं.

आणि तो शब्द. रांड म्हणजे जुन्या मराठीत विधवा. रांडव, रांडपण, रंडकी हे सगळे त्याच घरातले शब्द. नवरा गेलेल्या बाईच्या चारित्र्यावर गावानं बोट ठेवायचं, म्हणून विधवेचा शब्द हळूहळू वेश्येचा झाला आणि तिच्या लेकराचा उल्लेख शिवी झाला. तुमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या वापरून त्याची धार बोथट झाली, हे खरं. पण धार गेली तरी पातं तिथंच आहे, आणि ज्याच्या घरात खरोखर तसं घडलंय त्याच्या हाताला ते लागतं. त्याच्या घरचं तुम्हाला माहीत नव्हतं, हे मान्य. मात्र चौदा जणांत कुणाच्या घरी काय घडलंय हे आपल्याला कधीच पुरतं माहीत नसतं. त्या कॉलवर टीममधल्या मुलीही असतील. शिवी कुणालाही द्या, ती जाते बाईवरूनच, आणि ते ऐकताना त्यांना काय वाटलं हे कुणी विचारलेलं नाही.

माझी आजी वेंगुर्ल्याची. नातवंडांना ‘मेल्या’ सोडून तिच्या तोंडी दुसरी हाक नव्हती. ‘मेल्या, जेवलंस काय?’ ‘मेल्या, खंय होतंस?’ आम्हाला त्यात मरण कधी ऐकूच आलं नाही. एका पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला विषमज्वर झाला. तीन आठवडे ताप उतरेना. त्या तीन आठवड्यांत आजीच्या तोंडून तो शब्द एकदाही निघाला नाही, त्याच्यासाठी नाही आणि आमच्यासाठीही नाही. ती त्याला ‘बाबा’ म्हणायची, अगदी हळू. ताप गेला, पोर पेज प्यायलं, चारेक दिवसांनी अंगणात जाऊन बसलं, आणि स्वयंपाकघरातून आजी ओरडली, ‘मेल्या, उन्हात कित्याक बसलंस?’ आई पदर तोंडाला लावून रडली. आजीला शाळा माहीत नव्हती, पण आपण रोज वापरतो त्या शब्दाचा अर्थ काय आणि तो कधी गिळायचा, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तुमच्या कोल्हापूरच्या घरातल्या बायकांनाही ते ठाऊक असणार. कुणी वारलंय अशा घरी भेटायला गेल्यावर तुमच्या आईनं हा शब्द तोंडातून काढला असता का, विचारून बघा.

‘काय बे’चं म्हणाल तर तुमची तक्रार अगदीच गैर नाही. नागपूरकडे तो दोस्तांतला साधा शब्द आहे आणि पुण्यात तो उद्धट वाटतो. पण त्या शब्दात कुणाची आई नाही, आणि तो मुलगा तुम्हाला तसं म्हणतो की बरोबरीच्यांनाच म्हणतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बरोबरीच्यांनाच म्हणत असेल, तर शब्द कुठवर न्यायचा हे त्यालाही कळतंय.

‘लोक हळवे झालेत’ हे मात्र मला पटत नाही. चोवीस वर्षांच्या मुलानं आपल्या वरिष्ठाविरुद्ध लिहून द्यायचं, याला हळवेपणा लागत नाही, धीर लागतो. आणि ती त्याची पहिली तक्रार नव्हती. पहिली तक्रार म्हणजे त्याचं गप्प होणं. महिनाभर तो तुमच्याशी कामापुरतंच बोलत होता. तुम्हाला ते दिसलं, तुम्ही पत्रात लिहिलंही, पण ‘काय रे, काय झालं?’ असं विचारलं नाहीत. शब्द एका सेकंदात गेला, ते मी समजू शकते. तो महिना मला जास्त खटकतो.

गुन्ह्याचं विचारलंत म्हणून थोडंसं. कायदाही शब्द सुटा काढून बघत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अपमानाचं कलम आहे, कलम ३५२. त्यात अपमान हेतुपुरस्सर असावा लागतो आणि त्यानं समोरचा चिथावला जाऊन शांतता मोडेल असा उद्देश किंवा जाणीव असावी लागते. मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. असे शब्द राग, वैताग, दुःख, कधी उत्साहही व्यक्त करायला वापरले जातात. हे वाचून हुरळू नका. मालिका नको वाटली तर बंद करता येते, टीमच्या कॉलवरून उठून जाता येत नाही. शिवाय कंपनीचे वागणुकीचे नियम कायद्याहून वेगळे असतात, आणि तुमची चौकशी त्या नियमांखाली आहे.

जातीवरून दिल्या जाणाऱ्या शब्दांची गोष्ट आणखी वेगळी. जातीचं जे नाव दाखल्यावर सरकारी शिक्क्यासह छापलेलं असतं, तेच अनुसूचित जातीच्या माणसाला चारचौघांत हिणवायला वापरलं तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की अपमानाचा हेतू होता का, हे शब्द कोणत्या संदर्भात वापरला त्यावरून ठरेल. तिथं ‘दोस्तीत म्हणालो’ हा प्रयोग कुणीही, कधीही करू नये. शतकानुशतकं ज्यांना त्या शब्दानं वाड्याबाहेर उभं केलं, त्यांच्याशी दोस्ती आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार म्हणणाऱ्याकडे नाही.

आता करायचं काय?

आधी त्याला भेटा, मगच लेखी म्हणणं लिहा. मात्र भेटण्यापूर्वी एचआरला विचारून घ्या. चौकशी चालू असताना परस्पर गाठलं तर दबाव आणल्यासारखं दिसेल, आणि त्याला तसं वाटूही शकतं. त्याला हवं तर कुणी तिसरं माणूस सोबत असू द्या. भेट पाच मिनिटांची असावी. म्हणायचं एवढंच : ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला जो शब्द वापरला, तो वापरायला नको होता. चूक माझी आहे. आणि तू महिनाभर गप्प होतास, तरी मी विचारलं नाही, तेही चुकलं.’ मग थांबा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हणू नका, कारण त्यात दोष पुन्हा त्याच्या वाटण्यावर जातो. कोल्हापुरात काय म्हणतात हे पहिल्या भेटीत सांगायला जाऊ नका. ती माहिती खरी आहे, पण माफीच्या शेपटीला बांधली की ती सबब होते. त्यानं पुढं कधी आपण होऊन विचारलं तर जरूर सांगा.

त्याच्या आईचा उल्लेख मात्र चुकूनही करू नका. ते त्यानं तुम्हाला सांगितलेलं नाही, दुसऱ्यानं सांगितलंय. ‘तुझ्या घरचं मला माहीत नव्हतं’ असं म्हणालात तर त्याला कळेल, की ऑफिसात आपल्या आईची चर्चा होते आहे. एक जखम बांधायला जाल आणि दुसरी कराल. शिवाय तो शब्द वडील हयात असलेल्या मुलालाही त्या कॉलवर शोभत नव्हता.

घडलं चौदा जणांसमोर, म्हणून भरपाईही काही अंशी चौदा जणांसमोर व्हायला हवी. पण त्याला विचारून. काहींना जाहीर माफी हवी असते, काहींना त्या प्रसंगाची पुन्हा वाच्यताही नको असते. नको म्हणाला तर एवढं करा : एखाद्या कॉलवर त्याच्या कामाचं कौतुक पुन्हा, नीट, नाव घेऊन करा. काय अडलं होतं, त्यानं ते कसं सोडवलं, हे तपशिलात सांगा. ते त्याचं देणं अजून बाकीच आहे.

लेखी म्हणण्यात घडलं ते तसंच लिहा : शब्द कोणता, कधी, किती जणांसमोर. हेतू एका वाक्यात पुरे. माफी मागितली तर शिवी कबूल होईल, या भीतीचं मी एवढंच सांगते, की शब्द तुम्ही उच्चारलात हे चौदा जणांनी ऐकलंय, तेव्हा तिथं कबूल करण्यासारखं काही उरलेलंच नाही. तुम्ही फक्त त्याच्या परिणामाची जबाबदारी घेताय.

आणि कृपा करून उद्यापासून त्याच्याशी छापील मराठीत, ‘आपण’ आणि ‘कृपया’ लावून बोलू नका. असं थंड होणं ही शिक्षा असते आणि समोरच्याला ती बरोबर कळते. तुमची भाषा सोडण्याचा तर प्रश्नच नाही. ‘लई भारी’ म्हणा, ‘भावा’ म्हणा, ‘काय म्हंतोस’ म्हणा, तुमचा ठसका पुण्यात ऐकू आला तर मला आनंदच आहे. कोल्हापुरी बोली म्हणजे तीन-चार शिव्या नव्हेत. बोलीला शिव्यांपुरतं आखडून टाकणारे दोनच : तिला हसणारे, आणि ‘आमची भाषाच अशी’ म्हणून शिवीचं समर्थन करणारे.

अशीच पत्रं मला दुसऱ्या बाजूनंही येतात. कोकणात किंवा कोल्हापूरकडे लग्न होऊन गेलेल्या मुली लिहितात, की सासरी बोलणंच शिव्यांचं आहे, मला रडू येतं, घरचे म्हणतात मनावर घेऊ नको. त्यांना मी सांगते, की आधी महिनाभर नुसतं ऐका. तोच शब्द घरात कोण कुणाला म्हणतं, आणि रागात असताना कोणते वेगळे शब्द निघतात, हे लक्षात आलं की निम्मी भीती जाते. उरलेल्या निम्म्यासाठी एक शब्द निवडा, जो तुम्हाला सहनच होत नाही, आणि घरातल्या जवळच्या माणसाला शांतपणे सांगा : ‘बाकी चालेल, हा मला नको.’ एका शब्दाचं नाव घेऊन सांगितलं की माणसं बहुधा ऐकतात. ‘तुमच्याकडची भाषाच घाण आहे’ म्हटलं की घर तुमच्याविरुद्ध एक होतं. आणि सांगूनही मुद्दाम तोच शब्द येत राहिला, तर तो प्रेमाचा आहे असं स्वतःला समजावत बसू नका.

शिमगा जातो आणि कवित्व उरतं म्हणतात, तसं ऑफिसात हे अजून काही दिवस चघळलं जाईल. कुणी तुमच्या बाजूनं त्या मुलाला ‘रडका’ म्हणेल, तिथं मात्र लगेच अडवा, कारण ते तुमच्या नावानं चाललेलं असेल. ज्या सहकाऱ्याकडून तुम्हाला कळलं त्यालाही सांगा, की त्या मुलाच्या घरची गोष्ट आणखी कुठं बोलू नकोस.

सोमवारपर्यंत मुदत आहे म्हणता. आजच एचआरला फोन करून भेटीची परवानगी मागा. भेट कॅन्टीनमध्ये नको, तिथं सगळे बघत असतात. आणि चहा पाजायला जाऊ नका, त्या दिवशी त्याला नुसतं बोलू द्या.